उपाशीपोटीची साखर

मुंबईजवळच्या आगाशीच्या बाजारात मी पंचवीस वर्षं लोकांचं रक्त काढलं. लॅब म्हणजे एक खोली, मागे मोरी, खिडकीपाशी सूक्ष्मदर्शक आणि भिंतीला लागून एक लाकडी बाक. सुरुवातीला यंत्रं फार नव्हती. रक्त फिरवून पाणी वेगळं काढणारं सेंट्रिफ्यूज, रंगाची गडदता मोजणारा कलरीमीटर, सदतीस अंशांवर ठेवलेलं कोमट पाण्याचं भांडं आणि एक स्टॉपवॉच. बाकी सगळं डोळ्यांवर आणि हातांवर. मी मूळची चिपळूणची. लग्नानंतर आचोळ्याला फ्लॅट घेतला आणि रोज मोपेडवरून आगाशीला यायला लागले. सकाळी सहा ते नऊ घरोघरी जाऊन नमुने गोळा करायचे, मग लॅब उघडायची, असा क्रम होता.

रक्त खोटं बोलत नाही असं आमच्या धंद्यात म्हणतात. माणसं मात्र रक्ताकडूनही खोटं वदवून घेतात. एक निवृत्त हेडक्लार्क दर महिन्याला साखर तपासायला यायचे. आधीचे तीन दिवस ते कारल्याच्या रसावर काढत. रिपोर्ट चांगला आला की समोरच्या हलवायाकडे उभे राहून जिलबी खात आणि तिथूनच मला हात करत. डॉक्टर खूश, ते खूश, आणि पाय मात्र बधिर होत चाललेले. अशी गिऱ्हाइकं मी बरीच पाहिली. म्हणून मला वाटायचं, रिपोर्टच्या मागचा माणूस आपल्याला कळतो. सेलेस्तिनबाईंनी तो समज घालवला.

नव्वदचं दशक नुकतंच सरलं होतं. एका सकाळी अनिता नावाची मुलगी लॅबमध्ये आली. जवळच्या नंदाखाल गावची, प्राथमिक शाळेत शिक्षिका. तिने मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळाची फाइल माझ्यापुढे ठेवली. तिची आई सेलेस्तिन, वय सेहेचाळीस. यकृताच्या उजव्या बाजूला नारळाएवढी गाठ होती. गाठ साधी निघाली, कर्करोग नव्हता, पण ती काढताना यकृताचा निम्म्याहून बराच जास्त भाग काढावा लागला होता. बारा दिवसांनी घरी सोडलं होतं. आता दिवसाआड रक्त तपासून इस्पितळात फोनवर आकडे कळवायचे होते. एवढ्या ताज्या टाक्यांच्या बाईला दर दोन दिवसांनी मुंबईला नेणं शक्य नव्हतं.

"तुम्हाला जमेल ना?" अनिताने विचारलं.

यादीत साखर, बिलिरुबिन म्हणजे काविळीचा आकडा, प्रथिनं, फॉस्फरस आणि रक्त गोठायला लागणारा वेळ अशा चाचण्या होत्या. फॉस्फरसचं रसायन माझ्याकडे नव्हतं, कारण वर्षात एखाद्यानेच ती चाचणी मागितली असेल. तरी मी हो म्हटलं आणि त्याच दिवशी रसायन मागवलं.

दुपारी फोनवर सर्जनांचे सहायक डॉक्टर सामंत भेटले. तरुण आवाज, पण घाई नव्हती. मी सरळच विचारलं, "डॉक्टर, मी एवढे आकडे देणार, पण त्यांत बघायचं काय, ते मला सांगाल का?"

ते म्हणाले, "बाई, शरीरात यकृत हा एकच मोठा अवयव असा आहे, जो कापला तरी भरून येतो. म्हणजे कापलेला तुकडा परत उगवत नाही. उरलेला भाग फुगत, वाढत जातो. दोनतीन महिन्यांत जवळजवळ पहिल्याएवढा होतो. पण वाढत असताना त्याला सुट्टी नाही. रक्त गोठवणारी प्रथिनं बनवायची, कावीळ उपसायची, साखर सांभाळायची, सगळं त्या एवढ्याशा तुकड्यानेच करायचं. पहिल्या दोनतीन दिवसांत तर ते शरीरातली चरबी ओढून घेतं आणि तीच जाळून वाढीला ताकद मिळवतं. नव्या पेशी बनवायला फॉस्फरस लागतो, म्हणून रक्तातला फॉस्फरस धाडकन खाली येतो. ते सगळं आमच्याकडे झालंय. आता घरी तिने दर दोनतीन तासांनी खाल्लं पाहिजे, आणि तुम्ही मला आकडे दिले पाहिजेत."

मी ते सगळं एका वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. खरं सांगते, मला धास्ती वाटली. तोवर माझ्या चुकीने कुणाचं काही बिघडलंच असतं, तर औषधाची एखादी गोळी कमीजास्त झाली असती. इथे एका बाईचं यकृत वाढतंय की खचतंय, हे माझ्या कलरीमीटरवर ठरणार होतं.

सेलेस्तिनबाईंचं घर केळीच्या आणि नारळाच्या वाडीत होतं. नवरा डॉमनिक, कमी बोलणारा, सकाळपासून पाटाच्या पाण्यामागे असायचा. घरात ती माणसं आपसात त्यांच्या बोलीत बोलत आणि माझ्याशी शाळेतल्या मराठीत. सेलेस्तिनबाई व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत बसलेल्या असत. अंगाने सुकलेल्या, डोळ्यांत थोडी पिवळी झाक, पण नजर करारी. पहिल्या दिवशी हात पुढे करून म्हणाल्या, "बाय, एकदाच टोच. दुसऱ्यांदा टोचायला मी देणार नाही."

"एकदाच टोचते. पण हात हलवायचा नाही."

"माझा हात? दवाखान्यात एवढं झालं, मी हलले नाही."

पहिला आठवडा चांगला गेला. कावीळ उतरत होती. रक्त गोठायला निरोगी माणसाला बारा-तेरा सेकंद लागतात; त्यांना बावीस लागायचे, ते वीसवर आले. सकाळची उपाशीपोटीची साखर ब्याऐंशी, चौऱ्याऐंशी. अनिता एका शंभर पानी वहीत आकडे लिहून घ्यायची, प्रत्येक तपासणीला एक उभा रकाना. तिची सकाळची शाळा असे. साडेसहाला ती निघायची, पण जाण्यापूर्वी आईजवळ पेजेचं भांडं, दुधाचा पेला आणि दोन केळी झाकून ठेवायची. "आई, रक्त देऊन झालं की लगेच खा," असं रोज सांगायची. आई मान हलवायची.

दुसऱ्या आठवड्यात राखेचा बुधवार आला. त्या सकाळी सेलेस्तिनबाईंच्या कपाळावर राखेचा क्रूस होता. फादर घरी येऊन लावून गेले म्हणाल्या. ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ त्या दिवशी सुरू होतो, हे मला इतक्या वर्षांत माहीत झालं होतं. त्या बुधवारची साखर ऐंशी होती. शुक्रवारी चौऱ्याहत्तर. सोमवारी सहासष्ट.

आज ते तीन आकडे एका ओळीत लिहिताना माझा मलाच राग येतो. तेव्हा मी प्रत्येक आकडा सुटा पाहिला. चौऱ्याहत्तर म्हणजे ठीक. सहासष्ट म्हणजे जराशी कमी, अशक्तपणा असेल. फोनवर डॉक्टर सामंतही म्हणाले, "खाणं वाढवायला सांगा." मी सांगितलं. सेलेस्तिनबाईंनी मान हलवली.

पुढच्या बुधवारी माझ्याकडच्या साखरेच्या खास बाटल्या संपल्या होत्या. ही गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगायला हवी. रक्त शरीरातून बाहेर आलं तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि त्या रक्तातली साखर खात राहतात. ते थांबवायला बाटलीत एक पावडर घातलेली असते. पावडर नसेल आणि नमुना तसाच राहिला, तर साखर खोटी कमी दिसते. त्या दिवशी मी साध्या बाटलीत रक्त घेतलं, वाटेत आणखी चार घरं केली आणि लॅबला पोचायला दीड तास लागला. साखर आली चोपन्न.

मी स्वतःशी म्हटलं, नमुना उशिरा पोचला, म्हणून कमी आली. मला माझ्या निष्काळजीपणाची लाज वाटली, आणि ती लाज झाकायला मी डॉक्टरांना बाकीचे आकडे सांगितले, पण साखरेचा सांगितला नाही. "साखर परवा परत करते, नमुना बिघडला," एवढंच म्हणाले. ते बरं म्हणाले.

अशा नमुन्यात तासाला पाचसात टक्के साखर कमी होते, हे मला पाठ होतं. दीड तासात फार तर दहा टक्के. म्हणजे खरी साखर साठच्या आसपास. सोमवारपेक्षाही कमी. हा हिशेब दुसऱ्या इयत्तेतली मुलगी करेल. मी केला नाही. आणि त्या सकाळी सेलेस्तिनबाई म्हणाल्या होत्या, "बाय, उठताना जरा चक्कर येते." त्यावर मी म्हणाले होते, "एवढं मोठं ऑपरेशन झालंय, येणारच."

शुक्रवारी मी नव्या बाटल्या घेतल्या आणि पिशवीत बोटातून थेंब घेऊन लगेच साखर दाखवणारं छोटं यंत्रही टाकलं. दोन्हीने ताडून बघायचं ठरवलं होतं. वाटेत जरा उशीर झाला. पोचले तेव्हा आठ वाजून गेले होते.

व्हरांड्यात सेलेस्तिनबाई आरामखुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. सकाळची गार हवा होती, तरी लुगडं घामाने पाठीला चिकटलेलं. समोर अबोलीच्या फुलांची परडी होती. त्या फुलं उचलून जमिनीवर टाकत होत्या, मग जमिनीवरची उचलून परडीत. बोटं थरथरत होती.

"सेलेस्तिनबाई?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण ओळख दिसली नाही. "रोझी, तू कधी आलीस?" त्या म्हणाल्या. रोझी ही त्यांची बहीण. अनिताकडून मला ठाऊक होतं की ती वारून वर्षं झाली होती.

यकृत खचलं की माणूस असाच बरळतो, रक्तातलं विष मेंदूपर्यंत जातं, हे मी वाचलं होतं. साखर फार उतरली तरीही माणूस असाच बरळतो. पहिलं असेल तर माझ्या हातात काही नव्हतं. मी डॉमनिकना हाक मारली. ते वाडीतून धावत आले, हाताला चिखल. मी बोटातून थेंब घेतला. यंत्राला तेव्हा जवळपास पाऊण मिनिट लागायचं. तेवढ्या वेळात मी काय काय कबूल केलं असेल, ते माझं मला माहीत.

अडतीस.

"साखर आणा, पाण्यात घालून, भरपूर," मी ओरडले. डॉमनिकनी स्वयंपाकघरातून पेला भरून आणला. मी तो सेलेस्तिनबाईंच्या ओठांना लावला. आणि त्या बाईने, जिला मी कोण ते कळत नव्हतं, दात घट्ट मिटून घेतले.

"सेलेस्तिनबाई, प्या. पाणी आहे."

मान हलली. दातांतून शब्द आले, "घंटा नाय झाली."

"कसली घंटा?"

"बाराची. बाराची घंटा नाय झाली."

मी डॉमनिककडे पाहिलं. त्यांनाही आधी कळलं नाही. मग ते हळूच आत वळून बघायला लागले, जिथे अनिताने झाकून ठेवलेलं पेजेचं भांडं तसंच होतं. व्हरांड्याच्या कडेला गाईचं वासरू बांधलेलं होतं. त्याच्या पुढ्यातल्या घमेल्यात कालच्या पेजेची शितं चिकटलेली होती. मला आणि त्यांना एकदमच उमगलं. ही बाई दहा दिवस दुपारी बाराच्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, घंटेपर्यंत पाण्याशिवाय काही घेत नव्हती. मुलीने ठेवलेलं सगळं वासराला जात होतं.

"उघडा तोंड," मी विनवलं. जबरदस्तीने ओतावं तर श्वासनळीत जायची भीती. त्यांचे डोळे मिटत चालले होते. बेशुद्ध झाल्या की तोंडाने काहीच देता येत नाही, मग शिरेतून ग्लुकोज, आणि ते माझ्या पिशवीत नव्हतं.

डॉमनिक खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसले. चिखलाचे हात त्यांनी बायकोच्या गालांवर ठेवले आणि कानाशी म्हणाले, "सेलू, घंटा झाली. आत्ताच झाली. मी ऐकली."

तिने डोळे अर्धवट उघडले. "झाली?"

"झाली. मी कधी खोटं बोललोय तुला?"

ती प्यायली. आधी घोट, मग अख्खा पेला, मग दुसरा. पंधरा मिनिटांनी त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बाय, तू घामाघूम का?"

मी रक्ताचे नमुने घेतले. डॉमनिक आगाशीच्या डॉक्टरांना घेऊन आले आणि त्यांनी ग्लुकोजची सलाइन लावून बाईंना आपल्या दवाखान्यात हलवलं. मी लॅबकडे निघाले. साखरेचं कारण समजलं होतं, पण अर्धंच. नुसती उपासमार झाली होती, की यकृतच आतून बसत चाललं होतं? त्याचं उत्तर बाटल्यांत होतं. मी आधी कावीळ तपासली. वाढली नव्हती. मग गोठण्याची चाचणी लावली. घाईत स्टॉपवॉच उशिरा दाबलं, म्हणून पहिली नळी मी फेकून दिली. दुसरीला सतरा सेकंद लागले. खात्री पटेना म्हणून तिसरी लावली. सतराच.

डॉक्टर सामंतांना फोन केला. साखर सांगितली, उपवास सांगितला, सतरा सेकंद सांगितले. पलीकडून मोठा श्वास ऐकू आला.

"सतरा म्हणजे यकृत काम करतंय. वाढतंय. कोठार तेवढं रिकामं आहे," ते म्हणाले. "आपण रात्रभर जेवत नाही तेव्हा यकृत स्वतःच्या साठ्यातली साखर थोडी थोडी सोडत राहतं, मेंदू त्यावर चालतो. हिचं यकृत आधीच लहान, त्यात जे मिळतं ते वाढीत खर्च होतंय. साठवायला काही राहतच नाही. तुमच्याआमच्यासारख्याने एक वेळ जेवून काढला असता महिना. तिला झेपणार नाही."

मग मी बुधवारचे चोपन्न सांगितले. का लपवले तेही सांगितलं.

"बाई, चुकीचा आकडा आला तर चुकीचा म्हणून सांगा. पण सांगा," ते म्हणाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी मी दवाखान्यात गेले. अनिताचे डोळे रडून रडून सुजले होते. तिच्या वहीत साखरेचा उभा रकाना होता: ऐंशी, चौऱ्याहत्तर, सहासष्ट, मग रिकामी जागा, मग अडतीस. पायऱ्या उतरल्यासारखे आकडे. "मला आकडे लिहिता येतात, वाचता नाही आले," ती म्हणाली. मी तिला म्हटलं नाही की वाचणं हे माझं काम होतं. म्हणायला हवं होतं.

सेलेस्तिनबाई पूर्ण शुद्धीवर होत्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. त्यांना कळलं होतं की सकाळी आठला बाराची घंटा होत नाही. नवऱ्याशी बोलत नव्हत्या. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी नवस केला होता, टेबलावरून जिवंत उठले तर उपवासकाळाचे चाळीस दिवस दुपारी बारापर्यंत तोंडात काही घालणार नाही.

अनिताने फादरना बोलावलं होतं. ते वयस्कर, वाडीत वाढलेले. खुर्ची ओढून बसले. "सेलेस्तिन, आजारी माणसाला उपवास नाही. धर्मसभेनेच सूट दिली आहे."

"सूट धर्मसभेने दिली. नवस मी केलाय," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या.

फादरनी थोडा विचार केला. मला विचारलं, "हिने काय खायचं सांगितलंय?"

"दर दोनतीन तासांनी पेज, दूध, अंड्याचा पांढरा भाग."

"पेजेत मीठ?"

"अगदी कमी."

"सेलेस्तिन, तुला अळणी पेज आवडते?"

"शी," त्या म्हणाल्या.

"मग झालं. ईस्टरपर्यंत दर दोन तासांनी अळणी पेज. न चुकता, कुरकुर न करता. हीच तुझी तपश्चर्या. उपवासापेक्षा कठीण आहे, बघ जमतंय का."

त्यांनी कूस वळवली आणि अनिताला म्हणाल्या, "आण ती पेज."

नवऱ्याशी बोलायला मात्र त्यांना आणखी चार दिवस लागले. डॉमनिक रोज दवाखान्यात येत, पायांशी बसत आणि जात. एकदा बाहेर पायरीवर मला म्हणाले, "फादरना सांगून आलो, खोटं बोललो म्हणून. त्यांनी माफ केलं. हिचं अजून बाकी आहे."

पुढचे दीड महिने मी एकाही दिवसाचा आकडा सुटा पाहिला नाही. साखर सत्तर, अठ्ठ्याहत्तर, पंच्याऐंशी. प्रथिनं सगळ्यात सावकाश वाढली. सेकंद पंधरावर आले, मग चौदावर. ईस्टर होऊन गेला. तिसऱ्या महिन्यात मुंबईला स्कॅनचा फोटो काढला तेव्हा उरलेलं यकृत फुगून जवळजवळ पूर्वीएवढं झालं होतं.

त्यानंतर एका सकाळी सेलेस्तिनबाई स्वतः चालत माझ्या लॅबमध्ये आल्या. नंदाखालहून बसने, एकट्या. "शेवटची तपासणी. आणि ते सेकंद कसे मोजतेस ते मला बघायचंय," त्या म्हणाल्या.

मी त्यांना कोमट पाण्याच्या भांड्यापाशी स्टूल दिलं. त्यांच्या रक्तातलं पिवळसर पाणी नळीत घेतलं, त्यात गोठवणारं औषध सोडलं, स्टॉपवॉच दाबलं आणि नळी दिव्यासमोर हळूहळू कलती करायला लागले. पातळ पाणी इकडून तिकडे वाहत होतं. मग एकदम, एका क्षणात, त्यात कोळ्याच्या जाळ्यासारखा तंतू धरला आणि ते थिजलं.

"झालं?"

"झालं. तेरा."

"चांगलं?"

"माझ्याएवढंच. कुणाहीएवढं."

त्या नळीकडे बघत राहिल्या. तेव्हा मला वाटलं, आता सांगायलाच हवं. त्या बुधवारची साधी बाटली, चोपन्न, माझी लाज, न केलेला फोन, मी सगळं सांगितलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मला वाटलं, म्हणतील, जाऊ दे बाय, मीच तर लपवलं होतं. किंवा म्हणतील, मी मेले असते.

त्यांनी पदर सारखा केला.

"म्हणजे बुधवारी तू फोन केला असतास," त्या सावकाश म्हणाल्या, "तर शुक्रवारी डॉमनिकला खोटं बोलावं लागलं नसतं."

"हो," मी म्हटलं. त्या उठल्या, पिशवी उचलली. दारापाशी थांबून म्हणाल्या, "त्याला मी हे सांगणार नाही. तूही नको सांगू." आणि बससाठी निघून गेल्या.